कुणी नाही म्हणण्याआधी

“तुमच्या मोनालीला आमच्या घरची भाजी चालत न्हाई का हो मॅडम?” शाळेच्या फाटकाशी त्या बाईनं हे विचारलं तेव्हा सुमेधाच्या एका हातात स्कूटीची किल्ली होती, दुसऱ्या हातात पोरीची रिकामी बाटली, आणि डोक्यात फक्त एवढंच होतं की अंबड चौफुलीला गर्दी व्हायच्या आत घरी पोहोचायचं. प्रश्नात भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. भांडणाला सुमेधा कधी डरली नव्हती. ती बदनापूरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायची आणि तिथं गावपुढाऱ्यांपासून केंद्रप्रमुखापर्यंत सगळ्यांना पुरून उरली होती. पण ही बाई खरोखरच विचारत होती. उत्तर मिळालं तर तसं करता येईल, म्हणून विचारत होती. अंगावर दवाखान्यातल्या आयाबाईचा निळा कोट, केस घट्ट बांधलेले, पायात रबरी चपला. मी रूपालीची आई, शिवकन्या, असं तिनं आधी सांगितलं होतं. रूपाली मोनालीच्याच वर्गात, सहावीत, याच वर्षी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांच्या ओळखीनं इथं घातलेली. मग ती खाली बघत एका दमात बोलली. “पोरगी म्हणायची, आई, भाजी जास्त दे, मैत्रिणी माझ्याच डब्यावर तुटून पडतात. मंग मी जास्त देऊ लागले. परवा दप्तर धुवायला काढलं तर तळाला पिशवी. समदी भाजी त्यातच, आंबून गेल्ती. तुमच्या मोनालीनं न्हाई म्हटलं म्हणून कोणीच घेत न्हाई म्हणती. मी दवाखान्यात काम करते म्हणून माझ्या हातचं नको वाटत असंल, तर मी शेजारच्या मालनबाईकडून करून घेत जाईन. बिलकुल हात लावणार न्हाई मी. पण ती आता शाळेतच जायचं न्हाई म्हणून राह्यली. सोमवारी तिचा मामा येणार हाय, अंतरवालीला घेऊन जायला.” सुमेधाच्या तोंडून निघालं, “मुलं आहेत हो. मी बघते.” हे वाक्य ती स्वतःच्या शाळेत तक्रार घेऊन येणाऱ्या आयांना इतक्या वेळा म्हणाली होती की ते जिभेवर तयारच असायचं. बाईनं मान हलवली आणि ती चालू लागली, कारण तिची रात्रपाळी सुरू व्हायची होती.

स्कूटीवर मागे मोनाली बसली होती आणि नेहमीसारखी बडबडत होती. सुमेधाला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. कुंडलिकेच्या पुलावर पुढचा ट्रॅक्टर अडकला, हॉर्न वाजायला लागले, आणि त्या धुरात उभं असताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेला नाही. राग यायला हवा होता. त्याऐवजी काहीतरी वेगळंच झालं होतं, आणि ते काय ते कळल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. त्या बाईनं ‘चालत न्हाई का’ म्हटलं त्या क्षणी, एका क्षणापुरतं का होईना, तिला बरं वाटलं होतं. बाईचं आडनाव तिनं वर्गाच्या ग्रुपवर वाचलं होतं. असली आडनावं तिच्या लहानपणी तीर्थपुरीच्या शाळेत कडुनिंबाखाली गोल करून बसायची. त्या आडनावाची एक बाई आज गावकुसाबाहेरच्या भिवाच्या लेकीपुढे, म्हणजे तिच्यापुढे, उभी राहून विचारत होती की आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही का. तिची आई हा प्रश्न जन्मात कुणाला विचारू शकली नव्हती. सुमेधानं त्या बाईच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला होता, नीट शोधला होता, पण तो नव्हता. त्या बाईला बहुधा काही माहीतही नसेल, किंवा माहीत असून त्याची पर्वा नसेल. तिला फक्त तिची पोरगी शाळेत जायला हवी होती. मागून कोणीतरी ओरडलं, पुढे जागा झाली, आणि सुमेधानं गाडी नको तितकी जोरात काढली.

घर भोकरदन नाक्याकडं, दुसऱ्या मजल्यावर. नवरा भारत बियाण्यांच्या कंपनीत होता आणि हंगामाच्या कामाला हैदराबादला गेलेला. घरात तिची आई चांगुणाबाई, खाटेवर पाय सोडून मेथी निवडत बसलेली. सुमेधानं मोनालीच्या दप्तरातून डबा काढला. रिकामा होता. मोनालीचा डबा कायम रिकामाच यायचा, आणि त्यावर सुमेधा आजवर खूश होती. तिनं तो घासायच्या आधी उघडा धरून पाहिला, नाकाशी नेला. तेलाचा आणि लिंबाच्या लोणच्याचा वास. असल्या डब्यात सापडणार तरी काय, असं स्वतःलाच म्हणत ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि मोनाली पाणी प्यायला आली तेव्हा तिनं तसंच, पाठ न वळवता विचारलं की रूपालीची भाजी कोणी का घेत नाही. मोनालीनं आधी कोण रूपाली असं विचारून पाहिलं. मग म्हणाली की तिची आई दवाखान्यात लोकांचं सगळं काढते, सगळं म्हणजे सगळं, मग त्याच हातानं भाजी करते. मग म्हणाली की मी काहीच केलं नाही, मी कोणाला काही बोलले नाही, मी फक्त म्हटलं मला नको. मग ऋषीनं नको म्हटलं, गंधालीनं नको म्हटलं, मग सगळेच. वर्गात मोनालीनं नको म्हटलं की ते नकोच असतं, हे ती थोडं कौतुकानंच सांगत होती. सुमेधाचा हात वर गेला. तो हवेत असतानाच मोनाली म्हणाली, “पण तूच तर सांगितलंस.”

हात खाली आला. सांगितलं होतं. पहिलीच्या पहिल्या दिवशी, गणवेशाच्या बाह्या सरळ करता करता सांगितलं होतं, आणि नंतर दर वर्षी. कोणाच्या डब्यात हात घालायचा नाही. कोणी पुढे केलं तर म्हणायचं, मला नको. मान वर करून म्हणायचं. आपल्याला कुणी नाही म्हणण्याआधी आपणच नाही म्हणायचं. पोरगी शहाणी होती. तिनं ते बरोबर लक्षात ठेवलं. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं आणि सुमेधानं सांगितलं नव्हतं. भारतचंही तेच मत होतं. पोरीला विहारात न्यायचं, जयंतीला नवा ड्रेस घ्यायचा, सगळं करायचं, पण ते जुनं तिच्या डोक्यात भरायचं नाही. ते आपल्याबरोबर संपू दे. आणि ते संपलंय असं सुमेधाला वाटतही होतं, कारण शाळेत कोणी मोनालीला नाही म्हणत नव्हतं. उलट सगळे तिच्याकडे बघून हो-नाही ठरवत होते. पोरीच्या या मानाचा सुमेधाला केवढा अभिमान होता. पालकसभेत वर्गाच्या बाईंनी लीडरशिप क्वालिटी आहे म्हटलं तेव्हा तिनं ते तीन वेगवेगळ्या माणसांना फोन करून सांगितलं होतं. आता तोच अभिमान आठवत ती ओट्याशी मोनालीचा रिकामा डबा घासायला लागली.

तीर्थपुरीच्या शाळेत कोणीच वाईट नव्हतं, हीच तर अडचण होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी लांब बस म्हटलं नाही. मधल्या सुट्टीत कडुनिंबाखाली मुलींचा गोल व्हायचा, त्यात सुमेधाही बसायची. डबे उघडायचे, हात इकडून तिकडे जायचे, हिची चटणी तिच्या भाकरीवर. चांगुणाबाई तेव्हा लोकांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि जाण्याआधी चवळीच्या शेंगांची भाजी करून द्यायची, शेंगदाण्याचा कूट घालून, तेल वर तरंगेल अशी. पहिल्या दिवशी सुमेधानं डबा पुढे केला तेव्हा शेजारची शरयू हसून म्हणाली होती की आज माझा उपास आहे. शरयूच्या ताटलीत भाकरी होती. दुसऱ्या दिवशी आणखी कोणाचा तरी उपास होता. मग रोजच कोणाचा ना कोणाचा असायचा, गोड हसून सांगितलेला, आणि सुमेधाला त्यातलं हसणंच खरं वाटायचं, इतकी ती लहान होती. कळलं तेव्हा ती कोणाला काही बोलली नाही. आई एवढ्या पहाटे उठून भाजी करते, ती परत कशी न्यायची? म्हणून ती सगळी भाजी स्वतःच खायची. भूक असो नसो, ओकारी येईपर्यंत, शेवटचा तेलकट घास भाकरीच्या तुकड्यानं पुसून. घरी गेल्यावर सांगायची की सगळ्यांनी घेतली, सगळ्यांना आवडली. मग आई हसायची आणि दुसऱ्या दिवशी डब्यात आणखी एक डाव जास्त पडायचा. तेव्हापासून आजवर सुमेधानं चवळी तोंडात घातली नव्हती, आणि का घालत नाही हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. आईचं मन आपण सांभाळलं, हे एक समाधान तिनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. बाकी त्या शाळेतून घरी नेण्यासारखं काही मिळालंच नव्हतं.

शनिवारी तिची सकाळची शाळा होती. परिपाठाला प्रतिज्ञा झाली, सारे भारतीय माझे बांधव आहेत, आणि ती ओठ हलवत उभी राहिली. खिचडीच्या वेळी मुलं ओसरीवर बसली. ही पंगत म्हणजे तिची कमाई होती. ती नवी आली तेव्हा पोरं वस्त्यांप्रमाणे बसायची, या वस्तीची या भिंतीशी, त्या वस्तीची त्या. तिनं भांडून, गोडीनं, प्रसंगी दटावून ती रीत मोडली, सगळी पोरं मिसळली, आणि स्वतः रोज वेगवेगळ्या पोरांच्या मध्ये मांडी घालून जेवायला लागली. पेपरात फोटोसुद्धा आला होता. तो कापून चांगुणाबाईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. आज तिच्या ताटातली खिचडी तिला गिळता येईना. शेजारी बसलेल्या पोरानं विचारलं की मॅडम, तुमचा उपास आहे का, आणि ती एकदम उठली, हात धुवायला गेली आणि नळाखाली बराच वेळ हात तसाच धरून उभी राहिली. दुसऱ्यांच्या पोरांना मिसळायला शिकवत होतीस, घरी काय शिकवत होतीस? असं कोणी विचारत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती हिशेब मांडत राहिली. मोनालीला रागावून रूपालीची माफी मागायला लावता येईल. बाईंना सांगून वर्गात दोघींचे हात हातात देता येतील. असले समेट तिनं स्वतःच्या शाळेत कितीदा केले होते. पोरं हात मिळवायची, टाळ्या वाजायच्या, आणि दुसऱ्या दिवशी ज्याच्यावर दया केली तो पोरगा आणखी एकटा पडायचा. ते तिला दिसायचं, पण टाळ्या वाजल्या की आपलं काम झालं असं वाटायचं. नाहीतर मोनालीला सांगायचं. तीर्थपुरी सांगायची, सगळी. मग पोरगी उद्यापासून वर्गात बसताना कोण कसं बघतंय ते शोधायला लागेल, आईसारखी. तिच्या वर झालेल्या मानेत ते एकदा शिरलं की परत काढता येणार नाही. आणि नाही सांगितलं तर सोमवारी रूपालीचा मामा येईल. सुमेधाला बसमधून उतरून कुठंतरी पळून जावंसं वाटलं, पण जालन्याचा स्टँड आला आणि उतरावं लागलं.

घरी पोहोचली तर नळ आलेला. आठवड्याचं पाणी एका दुपारी भरायचं असतं, तेव्हा कोणाचं काय बिघडलंय ते नळ बघत नाही. ड्रम, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा. मोनाली नळाशी, सुमेधा दारात, मधल्या बोळात चांगुणाबाई स्टुलावर बसून झाकणं लावत होती. दोघी मायलेकी कालपासून कामापुरतंच बोलत होत्या. बादली घेताना मोनालीचा हात सुमेधाच्या हाताला लागला आणि सुमेधानं ठरवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. कडुनिंब, गोल, शरयू, उपास, चवळी. हातानं पाणी ओतत होती आणि तोंडानं सांगत होती, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. आपल्या हातचं म्हणून नको, आपण कोण म्हणून नको, हेही तिनं स्पष्ट सांगितलं. मोनालीनं नळ बंद केला नाही. बादली भरून वाहायला लागली तरी ती ऐकत राहिली. आणि म्हणून मी तुला तसं शिकवलं, सुमेधा म्हणाली, आणि ते चुकीचं शिकवलं. आईच्या देखत हे बोलतोय याचं भान तिला उशिरा आलं. तिनं घाबरून बोळात पाहिलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अशी पाण्यासारखी सांडून गेली होती. चांगुणाबाईनं घागरीवर झाकण ठेवलं, ते नीट बसलं का बघितलं आणि म्हणाली, “मला माहीत व्हतं.”

सुमेधाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. चांगुणाबाई तिच्याकडे बघत नव्हती, पुढच्या घागरीकडे बघत होती. “तुझ्या हाताला, तोंडाला तेल असायचं. रात्री जेवायची न्हाईस. मला काय कळत नव्हतं का? त्या शाळेत आपली भाजी कोण खातंय. तुलाच खावी लागती म्हणून तर म्या कूट घालून करायची, तुझ्या आवडीची. समदी खाशील तर निदान चांगली तरी खावी. मंग तू येऊन सांगायचीस समद्यांनी घेतली. तेवढं सांगायला तुला बरं वाटतं म्हणून म्या हसायची.” एवढं बोलून ती मोनालीला म्हणाली की पाणी वाया चाललंय, नळ बंद कर. सुमेधा बादली हातात धरून भिंतीला टेकली. आपण आईला वाचवलं असं ती समजत होती आणि आई तिला वाचवत होती. दोघी एकमेकींना खोटं सांगत वर्षानुवर्षं चवळीच्या भाजीभोवती हसत राहिल्या होत्या. तिला रडू येईना. बादली बाजूला ठेवून ती तिथंच ओल्या फरशीवर बसली. मोनाली नळ बंद करून तशीच उभी होती, ओल्या पायांनी, आणि आजीकडून आईकडे, आईकडून आजीकडे बघत होती. तिनं एकच विचारलं, ती शरयू आता कुठं असते. सुमेधा म्हणाली, माहीत नाही. तिला आठवतही नसेल.

रविवारी सकाळी मोनाली स्वतःहून म्हणाली की जाऊ. कुठं ते दोघींनाही विचारावं लागलं नाही. तिनं आजीला भाजी करायला लावली, वांग्याची, आणि ती स्वतःच्या शाळेच्या डब्यात भरली. सुमेधाला हे जास्तच सोपं वाटलं, म्हणून तिला धास्ती वाटत होती. शिवकन्येची खोली मोती तलावाच्या अलीकडं, एका गल्लीत, पत्र्याची. दारातच एक प्रवासी पिशवी भरून ठेवलेली, वर घडी घातलेला गणवेश, तो न्यायचा की इथंच ठेवायचा हे न ठरल्यासारखा. शिवकन्या त्यांना बघून गोंधळली, हात पुसले, पुन्हा पुसले, चटई टाकली, चहा ठेवते म्हणाली. सुमेधानं विचारलं की भाजी काय केलीये, आम्हाला द्या. तिला वाटलं हे आपण मोठं काहीतरी करतोय, आणि शिवकन्येनं घाईघाईनं वाटी भरून दिली तेव्हा सुमेधाला लाज वाटली. पण भाजी तिनं खाल्ली आणि ती चांगली होती. रूपाली आतल्या पडद्याशी उभी होती. बारीक, तेल लावून चोपलेले केस. तिनं मोनालीकडे एकदा पाहिलं आणि मग भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहत राहिली. मोनाली उठली, डबा उघडला आणि तिच्यापुढे धरला. “घे ना. आमच्या आजीनं केलीये.”

रूपाली हसली. अगदी नीट, गोड हसली. “आज माझा उपास आहे,” ती म्हणाली.

स्टोव्हशी बसलेली शिवकन्या मान वळवून म्हणाली, “कसला गं उपास? आत्ता तर भाकर खाल्लीस.” सुमेधाच्या जिभेखाली एकदम चवळीची चव आली, इतक्या वर्षांची, तेलासकट. मोनालीनं वळून आईकडे पाहिलं. कालपर्यंत त्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते आता होतं, आणि ते सुमेधानंच तिथं ठेवलं होतं. पोरीचा हात धरून तडक उठावं, गाडी काढावी, घरी जावं, असं तिला झालं. झाकण लाव आणि चल, पुन्हा कोणी नाही म्हणण्याआधी. मोनालीचा अंगठा झाकणावर होता, ती ते लावणार असं वाटत होतं, आणि सुमेधा अर्धी उठलीसुद्धा. मोनालीनं झाकण डब्याच्या खाली सरकवलं. मग डबा घेऊन ती पडद्याशी गेली, रूपालीच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, “बरं. मी बसते.” रूपाली भिंतीकडेच बघत होती. बऱ्याच वेळानं तीही खाली बसली, जरा अंतर ठेवून, पाय जवळ घेऊन. दारातली पिशवी होती तिथंच होती. शिवकन्येनं चहा गाळला. सुमेधा कप हातात घेऊन दोघींच्या मधल्या डब्याकडे बघत राहिली. भाजी निवत चालली होती, त्यात अजून कोणी हात घातला नव्हता, आणि झाकणही कोणी लावलं नव्हतं.